गोड बोलू नको

तीळ भाजल्याचा वास आला की मला घमापुरातलं ते हळदीकुंकू आठवतं. आमच्याच कारखान्यातून रिटायर झालेल्या एका काकूंकडे दर संक्रांतीला आम्ही कामावरच्या साऱ्या बायका जमायचो. त्या वर्षी मी सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज केला होता आणि साहेब हसून म्हणाले होते, "मॅडम, आदमियों का सेक्शन है, आपकी सुनेगा कौन?" मी काकूंना सांगितलं, नाव मागे घेते. गुलाबपाणी शिंपडता शिंपडता त्या थांबल्या. मला खोलीच्या मधोमध उभं केलं, बायकांना मुलाखत घेणाऱ्या साहेबांसारखं समोर ओळीत बसवलं आणि तोच प्रश्न साहेबांच्या आवाजात विचारला. मी काहीतरी पुटपुटले. "काहून घाबरून राहिली? जोरात बोल!" सगळ्या ओरडल्या. स्टोअरमधली म्हणाली, मान वर कर. क्रेन चालवणारी म्हणाली, पदराशी चाळा बंद कर. चहा गार झाला, पण आवाज मोकळा होईपर्यंत कोणी मला बसू दिलं नाही. निघताना काकूंनी हातावर लाडू ठेवला. "तिळगूळ घे, पण तिथं गोड बोलू नको." मुलाखतीत साहेबांनी खरंच तेच विचारलं. मी म्हटलं, "सुनेंगे, साहब. अभी आप सुन रहे हैं न?" आज तो सेक्शन माझ्या हाताखाली आहे. संक्रांतीला बायका आता माझ्याकडे जमतात, आणि आत्ता बाहेरच्या खोलीत मधोमध एक नवी मुलगी उभी आहे. तीळ भाजून झालेत. तिचा आवाज स्वयंपाकघरात मला ऐकू येईपर्यंत मी लाडू वळणार नाही.