चहाच्या आधीचे एक काम

माननीय हलीमाबाई शेख यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी लेख मागताना समितीने मला एक सूचना केली होती. बाईंशी माझी पहिली ओळख ज्या प्रसंगातून झाली, तो प्रसंग लिहू नये. शुभकार्यात चुकांची आठवण कशाला, असे समितीचे म्हणणे पडले. मी ती सूचना नम्रपणे ऐकून घेतली आणि मानली नाही. ती चूक वगळली, तर बाई म्हणजे एक कामसू, मनमिळाऊ लिपिक एवढेच उरते, आणि तेवढ्यासाठी कोणी ग्रंथ काढत नाही. शिवाय मी बाईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, "ते लिहिणार असशील तर लिही. न्हाईतर नुसती फुलं वाहू नकोस, मी अजून जिती हाय."

तेव्हा लिहिते.

तीस वर्षांपूर्वी बाई मांडवगण फराट्याच्या शाळेत लिपिक होत्या. मी त्याच शाळेतून दहावी झालेली, शेवंती लावणाऱ्या घरातली मुलगी. दौंडच्या एका नर्सिंगच्या शाळेत मला प्रवेश मिळत होता. अडचण एकच होती. माझ्या दाखल्यावर जन्माचा महिना चुकीचा पडला होता आणि दुरुस्त दाखल्याशिवाय प्रवेश पक्का होणार नव्हता. मी बाईंच्या टेबलाशी गेले. त्यांनी कागद घेतला आणि मान वर न करताच सांगितले, उद्या ये. मी दुसऱ्या दिवशी गेले. पुन्हा उद्या. आमच्या वस्तीवरून शाळेपर्यंत मी चार वेळा चालत गेले. पाचव्या दिवशी, म्हणजे शेवटच्या तारखेला, दाखला हातात पडला तेव्हा दुपार उलटून गेली होती आणि दौंडची एसटी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी पोहोचले, तर माझी जागा दुसऱ्या मुलीला गेलेली.

या दिरंगाईचे कारण बाई आजही लपवत नाहीत. कामाचा ताण नव्हता, वरून कोणाचा हुकूम नव्हता. दहा मिनिटांचे काम होते. जुने रजिस्टर कपाटाच्या तळाशी होते आणि ते काढायचा कंटाळा आला होता, इतकेच.

आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शिक्षणाला मोठ्या मिनतवारीने होकार दिला होता. प्रवेश हुकल्यावर त्यांनी शिरूरकडच्या एका स्थळाला निरोप धाडायचे ठरवले. मी सतरा वर्षांची होते.

माझी जागा गेल्याचे कानावर पडले तशा तिसऱ्या दिवशी सकाळी बाई शेवंतीच्या वाफ्यांमधून वाट काढत आमच्या अंगणात आल्या. आईने बसायला पोते अंथरले, पण त्या बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "आप्पा, पोरीचा परवेश माझ्यामुळं गेला. चूक माझी हाय."

आप्पा म्हणाले, आता बोलून काय उपयोग, पोरगी तर घरी बसली.

"एक साल थांबा," बाई म्हणाल्या. "पुढच्या परवेशापतुर मी रोज सकाळी हिच्यापाशी येऊन बसते. एक दिवस जरी चुकले, तरी तुम्ही खुशाल लगीन लावा. मी आडवी येणार न्हाई."

आप्पांनी मान डोलावली. बाई आठवडाभरात दमतील असे त्यांना वाटले असावे. मलाही तसेच वाटले होते आणि खरे सांगायचे तर मला तसे व्हायला हवे होते. माझा राग फार मोठा होता.

दुसऱ्या दिवशी सात वाजता बाई हजर. मी त्यांच्याशी बोलले नाही. पुढच्या वर्षी प्रवेशाला इंग्रजी आणि विज्ञानाची तोंडी परीक्षा असणार होती, पण माझी पुस्तके पत्र्याच्या पेटीत बंद होती आणि ती बघायचीही इच्छा नव्हती. बाईंनी अभ्यासाचे नाव काढले नाही. म्हणाल्या, आज फक्त पेटी उघड, वाचू नकोस. मी पेटी उघडली. त्या उठल्या आणि शाळेत गेल्या. पुढच्या दिवशी पुस्तक बाहेर काढायचे. त्याच्या पुढच्या दिवशी एक पान, तेही नुसते मोठ्याने वाचायचे. मी कुरकुर केली की आज मन लागत नाही, उद्या बघू. तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "मन तयार झाल्यावर बसू म्हणशील, तर साल सरंल. मनाला इचारू नकोस. हात हलव."

पानाचे दोन झाले, दोनाचे पाच. दिवाळीपर्यंत मी सात वाजायच्या आधीच पुस्तक उघडून बसू लागले होते. बाई ईदच्या दिवशीही आल्या, डब्यात शीरखुर्मा घेऊन. एकदा अंगात ताप होता, तर शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आल्या, मी एक परिच्छेद वाचेपर्यंत भिंतीला टेकून डोळे मिटून राहिल्या आणि परत गेल्या. त्या दिवशी आप्पा त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेले. शिरूरच्या स्थळाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. पुढच्या वर्षी मला दौंडला प्रवेश मिळाला. आज मी त्याच गावात परिचारिका आहे.

माझ्यासाठी बाईंनी जे केले ते मोठे होतेच, पण त्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट सुरू केली, तिची झळ मात्र बऱ्याच जणांना लागली. शाळेच्या कार्यालयात रखडलेल्या कागदांचे एक कपाट होते. नावातल्या चुका, हरवलेले दाखले, कोणाकोणाचे अर्ज. बाईंनी नियम केला की सकाळी कार्यालयात आल्यावर त्यातला एक कागद बाहेर काढायचा आणि तो मार्गी लावल्याशिवाय पहिला चहा घ्यायचा नाही. एकच कागद. पण रोज.

शाळा चालवणाऱ्या संस्थेचे त्या वेळचे सचिव सही करायला आठवडे लावत. बाई रोज दहा वाजता त्यांच्या दारात एक कागद घेऊन उभ्या राहू लागल्या. सचिव वैतागले. बाई, सगळे एकदम आणा, मी सवडीने बघतो, असे त्यांनी सांगून पाहिले. बाईंचे उत्तर तिथल्या शिपायांना आजही पाठ आहे: "सगळ्यांला सवड लागती, साहेब. एकाला लागत न्हाई." सचिवांनी एकदा त्यांना दुपारपर्यंत दारात उभे ठेवले. बाई उभ्या राहिल्या, चहावाचून. दुपारी सही झाली. दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्या पुन्हा तिथेच होत्या.

शेवटी त्यांची बदली संस्थेच्या दौंडच्या शाळेत झाली. ही शिक्षा आहे हे सगळ्यांना कळत होते. रोज नदी ओलांडून जायचे आणि यायचे. सहकाऱ्यांनी सुचवले की सचिवांना भेटा, जरा नरमाईने घ्या, बदली रद्द होईल. बाईंनी नकार दिला. दौंडच्या कार्यालयात गेल्यावर त्यांनी पहिली चौकशी केली ती रखडलेले कागद कुठल्या कपाटात आहेत याची.

हल्ली मोबाईलवर पहाटे उठायचे आणि दिवसाला चौपट काम उरकायचे धडे मिळतात. आमच्या वॉर्डातल्या तरुण मुली ते बघतात आणि चार दिवसांत थकून सोडून देतात. मी त्यांना बाईंची गोष्ट सांगते. बाईंना जास्त काम करायचे नव्हतेच. त्यांचे म्हणणे असे की टाळलेले काम आपले नसते. ते दुसऱ्याचे असते आणि आपल्यापाशी अडकून पडलेले असते. इंजेक्शनची वेळ, तपासणीचा कागद, नातेवाइकाला द्यायचा निरोप. माझ्या टेबलावरचा 'जरा वेळाने' कोणाच्या तरी अंगावर पडत असतो, हे मी माझ्या सतराव्या वर्षी भोगून शिकले आहे. म्हणून सरकारी असो वा खासगी, कुठल्याही टेबलामागचे माणूस 'होईल हो, घाई काय' म्हणाले, की मी तिथून हलत नाही.

निवृत्तीनंतर बाई मुलाकडे शिक्रापुरात राहायला गेल्या. परराज्यांतून आलेले कारखान्यांतले कामगार तिथे खोल्या घेऊन राहतात. शाळाप्रवेश, रेशन, दवाखाना, सगळीकडे कागद लागतात आणि कागदांना भाषा लागते. बाई रोज सकाळी ओट्यावर बसून एकाचा अर्ज पुरा करून देतात. गेल्या वर्षी मी भेटायला गेले, तेव्हा बिहारकडची एक बाई लेकीच्या शाळेचा अर्ज घेऊन दारात घुटमळत होती. पाहुणी आलेली बघून ती ओशाळली आणि म्हणाली, "कल आ जाऊँ?" मी दीड तास प्रवास करून आले होते. हलीमाबाईंनी मला हाताने थांबवले, चष्मा लावला आणि तिला म्हणाल्या, "कल नहीं. बैठ जाओ." मी शेजारी बसून राहिले. अर्ज पुरा झाल्यावरच घरात चहा ठेवला गेला.

आता गुडघे दुखतात, अक्षर थरथरते. मुलगा म्हणतो, आई, आता पुरे कर. बाई ऐकत नाहीत. त्यांनी ऐकू नये, असे माझे जाहीर मत आहे. परिचारिका म्हणून मी त्यांच्या गोळ्यांवर लक्ष ठेवीन, गुडघ्यांचे व्यायाम करून घेईन, पण ओट्यावरून उठा असे मी सांगणार नाही आणि दुसऱ्या कोणाला सांगू देणार नाही.

बाई, तुम्ही आप्पांसमोर चूक कबूल केलीत, पण मला कधी विचारले नाहीत की राग गेला का. तो गेला, बाई. तुम्ही तापात भिंतीला टेकून बसला होतात, त्या सकाळीच गेला. एवढे एक वाक्य तुम्हाला सांगायचे मी तीस वर्षे टाळले आणि याला माझ्यापाशी कसलीही सबब नाही. आज ते सांगून मोकळी होते. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. पंचाहत्तरी झाली म्हणून कोणी तुम्हाला आराम करा म्हणाले, तर त्याला सरळ माझ्याकडे दौंडला पाठवा.