हत्तिणीच्या घराचा नकाशा

हत्तिणीच्या घराच्या पहिल्या नकाशात मी दाराला उंबरठा काढला. काढला म्हणजे काय, हात आपोआप गेला. आयुष्यभर कर्वेनगरपासून विश्रांतवाडीपर्यंत लोकांचे फ्लॅट आखले. दार आलं की उंबरठा आलाच. प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरबाईंनी नकाशा टेबलावर पसरला आणि शांतपणे विचारलं, "सर, ती माप ओलांडून येणार आहे का?"

मी हसलो. अशा वेळी दुसरं काही करता येत नाही.

उंबरठा खोडला, पण बाईंचं बोट पुढे सरकलं होतं. "चारा इथे, पाणी इथे आणि झोपायची वाळूही इथेच?"

"सगळं हाताशी. म्हणजे सोंडेशी," मी ऐटीत म्हणालो. "तिला हलायलासुद्धा लागणार नाही."

हेच वाक्य ऐकून फ्लॅटच्या गिऱ्हाइकाने तिथल्या तिथे बुकिंग केलं असतं. बाई मात्र उठल्या. "चला, तुम्हाला तिचे पाय दाखवते."

जुन्या शेडमध्ये सिमेंटच्या कोब्यावर हत्तीण जागच्या जागी डुलत होती. मला वाटलं, खुशीत आहे.

"कंटाळलीय," बाई म्हणाल्या.

वर्षानुवर्षं त्या कोब्यावर उभं राहून तिचे तळवे भेगाळले होते, नखांशी जखमा झाल्या होत्या. चालली नाही तर पाय जाणार, आणि पाय गेले की हत्तीण गेली. "तिला आराम नकोय हो. उद्योग हवाय. जेवण शोधायला लावा तिला."

मग मी नकाशा सगळा उलटा केला. तळं एका टोकाला, चाऱ्याची जाळी दुसऱ्या टोकाला आणि तीही उंचावर टांगलेली. रताळी एका ओंडक्याच्या भोकांत दडवलेली. चिखल वळणापलीकडे. खाली सगळीकडे माती आणि वाळू. असं स्वयंपाकघर मी एखाद्या गृहिणीला दिलं असतं, तर तिने मला लाटण्याने हाणलं असतं.

नवं आवार तयार झालं आणि तो दिवस आला. फाटक उघडलं. हत्तिणीने सोंडेने वाळू हुंगली, पुढचे दोन पाय बाहेर ठेवले आणि थांबली. पुन्हा डुलायला लागली. मी कठड्यावरून पुढे वाकलो.

"तिकडे तळंही आहे," मी पुटपुटलो.

"गप्प बसा हो सर. सँपल फ्लॅट दाखवताय का?"

डुलणं थांबलं. सोंड वर गेली, जाळीच्या दिशेने वळली. एक पाय पुढे. मग दुसरा, जपून, गरम फरशीवरून चालल्यासारखा. जाळीपाशी पोचून तिने गवताचा झुबका ओढला आणि तो चावत चावत ओंडक्याकडे निघाली. दुपारपर्यंत ती चिखलात उभी राहून पाठीवर चिखल उडवत होती. बाईंनी माझ्याशी हात मिळवला. एवढा मान मला कुठल्याच सोसायटीने दिलेला नाही.

संध्याकाळी घरी आल्या आल्या मी सोफ्यावर लवंडलो, पाय टीपॉयवर टाकले आणि बायकोला सगळं रंगवून सांगितलं. वर चहा मागितला, आणि सोबत काहीतरी खायलाही.

ती माझ्या पोटाकडे बघत राहिली.

"म्हणजे खाणं लांब ठेवलं की कितीही जड प्राणी असला तरी चालतो," ती म्हणाली. "बरं झालं सांगितलंत. उद्यापासून तुमचा चहा गच्चीत आणि पोहे खाली पार्किंगमध्ये. आणि हो, लिफ्ट वापरायची नाही."