मधली हातभर वायर

भिंतीतून वायर लोंबते आहे आणि नवा एसी तिच्यापासून हातभर लांब आहे. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "ताई, पॉइंट काढून दिला, पुढचं एसीवाल्याचं." एसीवाला म्हणाला, "मॅडम, आम्ही मशीन बसवतो, वायर ओढत नाही." दोघंही आपापलं काम चोख करून गेले. खाली अंथरुणाला खिळलेली आई घामाने निथळते आहे.

तिच्या आजारपणातही असंच झालं. भाऊ औषधं पाठवतो, बहीण रोज फोन करते. चुकत कुणाचंच नाही. तिला कुशीवर वळवणं मात्र कुणाच्याच वाट्याचं नव्हतं. ते माझ्याकडे आलं.

उद्या इलेक्ट्रिशियन आणि एसीवाला, दोघांनाही एकाच वेळी बोलावलं आहे. आज मी पुठ्ठ्याने वारा घालते आहे.

"दमलीस का गं?" आई विचारते.

"नाही," म्हणत मी हात बदलते.