कापराच्या वासाची व्हॅन
घरात कापूर पेटला की मला लीड्समधली ऑफिसची व्हॅन आठवते. ती मी आणि ऑफिसमधला एक नागपूरकर, आम्हा दोघांत मिळून होती. एका शनिवारी मी तिच्यातून, न विचारता, मंडळाचा गणपती आरतीच्या कापरासकट हॉलवर नेला आणि शेजारच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये ती लावली. पार्किंगवाल्यांची दंडाची नोटीस थेट ऑफिसला आली. "शनिवारी व्हॅन कोणाकडे होती?" मॅनेजरने विचारलं. मला तो पोलिसांचा दंड वाटला. नोकरी गेली की व्हिसाही जाणार. शेजारी बसलेला तो नागपूरकर पुटपुटला, "गप राह्य बे, माझ्याकडे इथला पासपोर्ट आहे," आणि त्याने हात वर केला. मी माझा हात खालीच ठेवला. तो दंड खासगी पार्किंग कंपनीचा होता, व्हिसाशी त्याचा काही संबंध नव्हता, हे नंतर कळलं. तोवर त्याच्याकडून काढून घेतलेली व्हॅन एकट्या माझ्याकडे आली होती. कापराचा वास जाईना म्हणून थंडीतसुद्धा काचा उघड्या ठेवून मी त्याला घरी सोडायचो. माफी मात्र अजून मागितलेली नाही.