सगळ्या मोटारी एकदम

आमचे हे, समाधान, मूळचे देवळ्याकडचे. अंबडच्या एका छोट्या कारखान्यात चार वर्षं त्यांनी एकच कंट्रोलर घडवला. लाइनवर कुठं फॉल्ट झाला की व्होल्टेज एकदम पडतं. ते सावरायचं, पुढची गावं बंद पडू द्यायची नाहीत, एवढंच त्याचं काम. सबस्टेशनवरच्या चाचणीत पास झाला तर वीज कंपनी तो घेणार होती. नाहीतर मालक ते काम गुंडाळणार होते.

चाचणीच्या आधल्या रविवारी पोहे खाताना मला समजावत होते, "वीज गेली की मोटारी बंद. आली की एकेक जण विहिरीवर जाणार, मोटार चालू करणार. भार हळूहळू चढतो. तेवढ्यात माझा कंट्रोलर सावरून घेतो."

माझं माहेर नांदगावचं. भाऊबीजेला माझ्या भावानं, अमोलनं, मोटारीला बसवलेला ऑटो दाखवला होता. वीज आली की मोटार आपोआप सुरू. "ताई, आता विहिरीवर कोण जातंय? सगळ्यांनीच बसवलेत," म्हणाला होता.

अगदी ओठांवर आलं होतं. पण मी मराठी शाळेतली दहावी, इंजिनीयरला काय शिकवणार? चहा ओतला आणि गप्प बसले. चाचणीच्या सकाळी गणपतीला जाऊन यश मागून आले.

चाचणीत वीज मुद्दाम क्षणभर तोडली. परत जोडली, तशा शेकडो मोटारी एकदम उठल्या. व्होल्टेज कोसळलं, कंट्रोलरनं मान टाकली. दुपारभर गावं बंद. तिथले साहेब हसले म्हणे, "समाधानराव, गावाकडं शेवटचे कधी गेलावता?"

घरी येऊन हे ऑटोचं सांगायला लागले, तर माझ्या तोंडून निघून गेलं, "अमोलकडं पण आहे की."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस गं?"

रागावले असते तर बरं झालं असतं.

महिनाभरात त्यांनी दुरुस्ती केली. अमोलला फोन करून करून विचारलं, ऑटो किती सेकंदांनी लागतो. सगळं जुळलं, पण दुसऱ्या चाचणीची संधी कोणी देईना. आता त्याच कारखान्यात पिठाच्या गिरण्यांची पॅनेलं जोडतात. गणपतीपुढं उभी राहिले की माझी मान वर होत नाही.

हल्ली वायरिंगचा कागद घरी आणतात, मोठ्यानं वाचतात आणि मधेच थांबून माझ्याकडं बघतात, "बरोबर आहे ना?"

मला त्यातलं काही कळत नाही. मी हो म्हणते.