आप्पांचे चार प्रकार

नंदुरबारच्या मिरची बाजारामागे वाद्यं दुरुस्त करणारे आप्पा नव्या माणसाला नाव विचारत नसत. त्याचा प्रकार सांगत. माणसांचे सोळा स्वभाव असतात, असं त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. "सोळा कोन ध्यानमा ठेवी?" म्हणून त्यांनी चार केले: गर्दीत फुलणारा ढोल, एकांतात रमणारी बासरी, दुसऱ्याने हवा भरल्याशिवाय न बोलणारी पेटी आणि दुसरा हलला की वाजणारं घुंगरू. बातमीदार असल्यामुळे मी घुंगरू होतो. स्वतःच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, प्रकार मात्र त्यांनी कधी जाहीर केला नाही. "माले घरमा ऱ्हानं शे," म्हणत.

खानदेशातल्या लग्नांत गाजणारा एक की-बोर्डवादक हा त्यांचा आवडता नमुना. नवरदेवापेक्षा त्याच्याभोवती गर्दी जास्त. त्याचे व्हिडिओ पाहून आप्पांनी निदान केलं होतं: "अस्सल ढोल. गर्दी नही भेटनी तं सुकी जाई."

एके दिवशी त्याच्याच बॅण्डचा फोन आला. की-बोर्ड बिघडला होता, तो घेऊन वादक स्वतः येणार होता आणि संध्याकाळी तळोद्यात लग्न होतं. काम पसंत पडलं तर सगळ्या बॅण्डची दुरुस्ती आप्पांकडे येणार होती. पेट्या येणं थांबल्यापासून त्यांचं दुकान बंद पडायला आलं होतं. आप्पांनी पाहुण्याच्या स्वभावानुसार तयारी केली: हार, पेढे, ढोल आणि सगळी गल्ली.

जीप थांबली, ढोल सुरू झाला. वादकाने काच वर केली आणि ड्रायव्हरला जीप मागे घ्यायची खूण केली.

"आप्पा, तुन्हा ढोल पळी ऱ्हायना!" पानवाला ओरडला.

आप्पांनी गर्दी हाकलली. "जा रे घर! घुंगरू, तू बी जाय!" वादकाला आत नेलं आणि शटर ओढलं. पानवाल्याने शटरला कान लावला. आत कुणीच बोलत नव्हतं. आप्पा गप्प बसल्याची गल्लीतली ही पहिलीच नोंद. बऱ्याच वेळाने की-बोर्ड वाजला.

काम मिळालं. पानवाल्याने डिवचलं, "आते सांग, बासरी ना?"

"ढोलच शे. वाजाडाशिवाय ढोल बोलस का?"

निदान शेवटपर्यंत बदललं नाही. त्याची जीप दिसली की शटर मात्र खाली येई.

गेल्या वर्षी आप्पा गेले. अंत्ययात्रेत तो वादक सर्वांच्या मागे, एकटा चालत होता. कुणी मोबाइल काढला नाही. पानवाला हळू आवाजात पुढच्यांना सांगत होता, "जरा पुढे सरका रे. त्याले जागा ऱ्हाऊ द्या."