केकवरची बेचाळीस नावं

अलाबामातल्या आमच्या कॉलेजात मुलींच्या सोरॉरिटींची, म्हणजे स्वतः सदस्य निवडून एकत्र राहणाऱ्या मंडळांची, चौदा घरं आहेत. त्यांतल्या पांढऱ्या खांबांच्या घरात व्हर्ना स्टोकली सव्वीस वर्षं स्वयंपाकीण होती. कुणाचा प्रेमभंग झाला की ती मुलगी स्वयंपाकघरात येऊन रडायची आणि व्हर्ना तिच्यापुढे केळ्याच्या पुडिंगची वाटी सरकवायची. "मिस व्हर्ना, तुम्ही आमच्या दुसऱ्या आईच," असं मुली म्हणायच्या. व्हर्नाने ते खरं धरलं.

तिच्या नोकरीच्या सतराव्या वर्षी तिची लेक जोलीन कॉलेजात आली. सदस्य निवडीच्या आठवडाभराच्या भेटीगाठींनंतर दोनच घरांनी तिला शेवटच्या फेरीला बोलावलं: हे पांढऱ्या खांबांचं, आणि टेकडीखालचं एक साधं घर. त्या फेरीनंतर मुलींनी कार्डावर पसंती लिहायची असते. दोन्ही घरं लिहिली तर एक बहुधा मिळतंच. एकच लिहिलं आणि त्यांनी घेतलं नाही, तर काहीच नाही.

कॉलेजच्या ऑफिसात कार्डं घ्यायला मी बसलो होतो. मायलेकी समोरच उभ्या होत्या.

"मॉमा, दोन्ही लिहू ना?"

"दुसरं कशाला? या पोरींना तापात सूप भरवलंय मी. मला नाही म्हणतील?"

"त्यांना तुला कुठे हो-नाही म्हणायचंय? मला म्हणायचंय."

"लिही गं. मी आहे ना."

जोलीनने एकच नाव लिहिलं. कोऱ्या ओळीबद्दल विचारायचं नाही, असा ऑफिसचा नियम. मी शिक्का मारून कार्ड पेटीत टाकलं.

पुढचं मला व्हर्नानेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घराची अध्यक्ष पेटन यादी घेऊन आली. नव्या मुलींची नावं केकवर क्रीमने लिहिणं हे दर वर्षी व्हर्नाचं काम. तिने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर.

"एखादं राहिलंय का?"

"नाही, मिस व्हर्ना. बेचाळीसच." पेटन ओट्यावर बसली. "जोलीन गोड आहे हो. पण ती टेबलाशी बसणार आणि तुम्ही वाढणार, तुम्हालाच कसंतरी झालं असतं. तुमचाच विचार केला आम्ही."

"मला विचारायचंस."

"मतदान गुप्त असतं ना." तिने भांड्यातलं क्रीम बोटाने चाटलं. "गुलाबी जरा फिकट करा. गेल्या वर्षी भडक झालं होतं."

व्हर्नाने गुलाबी फिकट केलं आणि बेचाळीस नावं लिहिली. त्याच वेळी, कुठलंच घर मिळालं नाही हे सांगायला, आमच्या ऑफिसातून जोलीनला फोन गेला. दुपारी नव्या मुली हिरवळीवरून धावत आल्या आणि व्हर्नाच्या गळ्यात पडल्या. जोलीनने त्याच आठवड्यात कॉलेज सोडलं. त्या घराची पायरी ती पुन्हा चढली नाही.

नऊ वर्षांनी व्हर्ना निवृत्त झाली, तेव्हा मुलींनी तिला मानद भगिनी केलं आणि सदस्यांची सोन्याची पिन लावली. जोलीनला आमंत्रण गेलं होतं. उत्तर आलं नाही.

व्हर्नाने पिन लावून घेतली, आभार मानले आणि पुडिंग वाढायला आत गेली.